विस्कॉन्सिन, १९१८: तिसऱ्याने नेमकी कुणाची मतं खाल्ली?

२ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. लढत तिरंगी होती. रिपब्लिकन पक्षाच्या आयर्विन लेनरूटला साधारण १ लाख ६४ हजार मतं पडली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या जोसेफ डेव्हीजला १ लाख ४९ हजारांच्या आसपास आणि समाजवादी पक्षाच्या व्हिक्टर बर्गरला १ लाख १० हजार. टक्क्यांत सांगायचं तर ३९, ३५ आणि २६.

समजा, त्या रात्री तुम्ही एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसला आहात आणि मथळा द्यायचाय. ‘लेनरूट विजयी’ हे तर झालंच. पण शंभरातल्या एकसष्ट जणांनी लेनरूट सोडून दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, हेही खरं. शंभरातल्या पासष्ट जणांनी अध्यक्ष वुड्रो विल्सनचा माणूस, म्हणजे डेव्हीज, नाकारला, तेही खरं. आणि शंभरातल्या चौऱ्याहत्तर जणांनी तेव्हा चालू असलेल्या पहिल्या महायुद्धाला पाठिंबा देणाऱ्या दोघांपैकी, लेनरूट आणि डेव्हीजपैकी, एकाला निवडलं, हेही तितकंच खरं. मतपेट्या त्याच, आकडे तेच, आणि मथळे तीन. त्यातला दुसरा वाचला तर विस्कॉन्सिन विल्सनच्या सरकारविरुद्ध गेलेलं दिसतं आणि तिसरा वाचला तर सरकारच्या युद्धामागे उभं दिसतं.

तिरंगी लढतीबद्दल आपल्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: ‘त्याने ह्याची मतं खाल्ली.’ या वाक्यात एक गृहीतक लपलेलं असतं. तिसरा उभा नसता तर त्याची मतं अमुक एकाच्याच पदरात पडली असती, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. विस्कॉन्सिनची ही निवडणूक मला आवडते ती याचसाठी. इथे ते गृहीतक तपासून पाहता येतं, आणि तपासल्यावर ते बऱ्यापैकी हलतं.

आधी जागा रिकामी कशी झाली ते सांगतो. पॉल हस्टिंग हा डेमोक्रॅट सिनेटर ऑक्टोबर १९१७ मध्ये बदकांच्या शिकारीला गेला होता. रश लेक नावाच्या तळ्यात होडी, होडीत भाऊ, भावाच्या हातात बंदूक. बार उडाला तेव्हा हस्टिंग आडवा आला आणि त्या जखमेने गेला. मतदारांनी थेट निवडून दिलेला विस्कॉन्सिनचा हा पहिलाच सिनेटर. १९१३ पर्यंत अमेरिकेत सिनेटर निवडत ते राज्यांची विधिमंडळं, म्हणजे आपल्याकडे आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात साधारण तसं. १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार लोकांकडे आला. हस्टिंग १९१४ मध्ये निवडून आला तोही हजारभरापेक्षा कमी मतांनी, त्यामुळे ही जागा कुणाच्याच खिशात नव्हती.

त्याच घटनादुरुस्तीत एक सोय आहे: मधेच जागा रिकामी झाली तर विधिमंडळ गव्हर्नरला तात्पुरता माणूस नेमायचा अधिकार देऊ शकतं. गव्हर्नर इमॅन्युएल फिलिपला तो अधिकार हवा होता. ऐन युद्धात प्रचाराची राळ उडायला नको, हे त्याचं म्हणणं. विधिमंडळाने तो दिला नाही, आणि मग फिलिपला जी भीती होती तेच झालं.

कारण साल होतं १९१८ आणि राज्य होतं विस्कॉन्सिन. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली होती आणि विस्कॉन्सिन हे जर्मन वंशाच्या लोकांचं मोठं घर. मिलवॉकी शहरात जर्मन शाळा, जर्मन चर्च, जर्मन वर्तमानपत्रं आणि अर्थातच जर्मन बीअर. युद्धाच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउसमध्ये, सगळ्या देशातून पन्नास मतं विरोधात पडली; त्यातली नऊ एकट्या विस्कॉन्सिनची. राज्याचे एकूण सदस्य अकरा! सिनेटमध्ये विरोध करणारे फक्त सहा जण, आणि त्यातला एक विस्कॉन्सिनचाच रॉबर्ट ला फॉलेट. साहजिकच उरलेल्या देशाच्या नजरेत हे राज्य संशयित ठरलं. साउअरक्राउटला, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाला, ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायची टूम निघाली हे आज गंमत म्हणून सांगितलं जातं. पण मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी राज्याच्या उत्तर टोकाला अ‍ॅशलंड गावात एका कॉलेजच्या प्राध्यापकाला जमावाने डांबर फासून पिसं चिकटवली होती, तेही जर्मनधार्जिणा म्हणून. शेजारच्या इलिनॉय राज्यात मतदानानंतर तीनच दिवसांनी रॉबर्ट प्रॅगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला फाशी दिली. अशा हवेत लोक मतपेटीकडे गेले.

आता उमेदवार. इथे गुंता आहे, कारण मतपत्रिकेवर पक्ष तीन दिसले तरी प्रत्यक्षात ते साडेतीन-चार होते. रिपब्लिकन पक्ष म्हणजे त्या राज्यात एका छपराखाली दोन घरं. एक ला फॉलेटच्या सुधारणावाद्यांचं, दुसरं जुन्या, व्यापारी-उद्योजकांच्या जवळच्या मंडळींचं. लेनरूट हा सुपीरियर गावातल्या स्वीडिश स्थलांतरितांचा मुलगा, वर्षानुवर्षं ला फॉलेटचा उजवा हात. युद्धावरून दोघांचं फाटलं. लेनरूटने हाउसमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं. ला फॉलेटने त्याच्याविरुद्ध जेम्स थॉम्पसन या वकिलाच्या पाठीशी आपलं बळ उभं केलं.

त्यांची गाठ पडली प्रायमरीत. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी सामान्य मतदारांनी केलेलं मतदान. आपल्याकडे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं आणि ज्याला मिळत नाही तो अपक्ष अर्ज भरतो. तिकडे बंडखोरी आधीच, मतपेटीतून उरकून घेतात. विस्कॉन्सिनने ही पद्धत १९०४ मध्येच कायद्याने आणली होती, आणि ती ला फॉलेटचीच देणगी. शिवाय ती खुली प्रायमरी होती: कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं हे मतदाराने तिथल्या तिथे ठरवायचं, पक्षाचं सभासदत्व लागत नाही. १९ मार्चला लेनरूट जिंकला, पण जेमतेम. फरक तीन हजारांहून कमी. म्हणजे रिपब्लिकन प्रायमरीत आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना युद्धविरोधी गटाचा माणूस हवा होता. मुख्य मतदानाला उरले होते दोन आठवडे. ही निम्मी माणसं आता कुठे जाणार, हा खरा प्रश्न होता.

डेमोक्रॅटांकडे डेव्हीज. विल्सनच्या विश्वासातला माणूस, फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचा पहिला अध्यक्ष. तो आयोग सोडून तो विल्सनच्या इच्छेनेच रिंगणात उतरला. (हाच डेव्हीज पुढे १९३६ मध्ये स्टालिनच्या मॉस्कोत अमेरिकेचा राजदूत म्हणून नेमला गेला. ती वेगळीच कथा.)

आणि तिसरा व्हिक्टर बर्गर. ‘समाजवादी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो दाढीवाला क्रांतिकारक येतो, तसा हा नव्हता. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेला, आधी शाळामास्तर, मग ‘मिलवॉकी लीडर’ या दैनिकाचा संपादक. १९१० मध्ये हाउसवर निवडून गेलेला देशातला पहिला समाजवादी. मिलवॉकीच्या समाजवाद्यांची ख्याती बंदुकांसाठी नव्हती, चोख नगरपालिकेसाठी होती: स्वच्छ पाणी, बागा, सांडपाण्याची व्यवस्था. पुढे त्यांच्याच पक्षातले जहाल लोक त्यांना थट्टेने ‘गटारवाले समाजवादी’ म्हणू लागले, आणि हे बहाद्दर ते नाव अभिमानाने मिरवू लागले. पक्षाने मात्र एप्रिल १९१७ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात युद्धाला उघड विरोध जाहीर केला होता आणि बर्गर त्यावर ठाम राहिला. त्याची किंमत लगेच चुकवावी लागली. ऑक्टोबर १९१७ मध्ये पोस्ट खात्याने ‘लीडर’ची स्वस्त टपालदराची सवलत काढून घेतली, म्हणजे मिलवॉकीबाहेर अंक पाठवणं जवळपास अशक्य. ऐन प्रचारात, मार्च १९१८ मध्ये, बर्गरवर हेरगिरीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवल्याचं जाहीर झालं. पुरावा काय? त्याच्या दैनिकातले पाच अग्रलेख. ‘केसरी’तल्या लेखांवरून १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या खटल्याचा वास लगेच येईल.

तर एका बाजूला युद्धाच्या बाजूचे दोघे, दुसऱ्या बाजूला विरोधातला एकटा. डेमोक्रॅटांचा हिशोब सरळ होता. राज्यात रिपब्लिकन जास्त. सरळ लढतीत डेव्हीज हरणार. पण बर्गर जर रिपब्लिकनांकडची जर्मन मतं ओढून नेणार असेल आणि ‘देशनिष्ठ’ मतदाराला लेनरूटबद्दल शंका वाटली, तर डेव्हीज मधून निघून जाईल. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हणून सगळा जोर लावायचा तो लेनरूटच्या देशनिष्ठेवर.

विल्सनने मार्चमध्ये डेव्हीजला एक जाहीर पत्र लिहिलं. त्यात त्याने तीन जुने वाद काढले. एक, युद्धात गुंतलेल्या देशांच्या सशस्त्र जहाजांतून अमेरिकनांनी प्रवास करू नये असं सांगणारा मॅक्लेमोर ठराव. दोन, युद्धखोर देशांना शस्त्रं विकण्यावर बंदीची मागणी. तीन, अमेरिकन व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचा प्रस्ताव. सोनाराने दगडावर कस लावावा तशी या तीन प्रश्नांवर खऱ्या देशनिष्ठेची परीक्षा झाली, आणि तुम्ही तिला उतरलात, असं त्याने डेव्हीजला लिहिलं. लेनरूटचं नावही घेतलं नाही; घ्यायची गरज नव्हती. गंमत अशी, की हे तिन्ही प्रश्न काँग्रेसमध्ये चर्चेला होते तेव्हा डेव्हीज काँग्रेसमध्ये नव्हताच. त्याला त्यांवर मत द्यायची वेळच आली नाही. लेनरूट तिथे होता, म्हणून त्याच्या खात्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. ज्याने पेपरच दिला नाही तो पहिल्या वर्गात पास!

मग उपराष्ट्राध्यक्ष थॉमस मार्शल राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, भाषणाला आला आणि उरलंसुरलं करून गेला. तुमचं राज्य संशयाच्या छायेत आहे, लेनरूटसाठी जर्मनधार्जिण्यांची, देशद्रोह्यांची, शांततावाद्यांची मतं मागितली जाताहेत, असा त्याचा सूर होता. पाहुण्याने घरात येऊन घरच्यांना नावं ठेवावी, तसं झालं. रिपब्लिकनांना आयतं कोलीत मिळालं: दिल्लीश्वरांनी, म्हणजे वॉशिंग्टनवाल्यांनी, अख्ख्या विस्कॉन्सिनची बेअब्रू केली, असा प्रचार करता आला. ज्या जर्मन वंशाच्या माणसाला बर्गरचा समाजवाद पटत नव्हता, त्याला आता लेनरूटला मत द्यायला एक कारण सापडलं. लेनरूट युद्धाच्या बाजूने असला तरी विल्सनच्या शिव्या खाणारा होता ना!

निकाल वरच सांगितला. बर्गरची २६ टक्के मतं म्हणजे समाजवाद्यांना राज्यात एरवी पडणाऱ्या मतांच्या कितीतरी पट. ती फक्त मिलवॉकीच्या कारखान्यांतून आली नाहीत. ज्या खेड्यांत समाजवाद्यांची कधी शाखा नव्हती, अशा जर्मन शेतकऱ्यांच्या कौंट्यांनीही त्याला मतं दिली. देवळात जाणारा, आपल्या जमिनीचा मालक असलेला शेतकरी काही एका महिन्यात समाजवादी झाला नव्हता. मतपत्रिकेवर ‘युद्ध नको’ म्हणायला दुसरी जागाच नव्हती. (बायकांना अजून मताधिकार नव्हता, त्यामुळे हे ‘राज्याचं मत’ म्हणजे राज्यातल्या पुरुषांचं मत, एवढी नोंद करून ठेवू.)

मग बर्गरने कुणाची मतं खाल्ली? पहिलं उत्तर: लेनरूटची, कारण जर्मन शेतकरी एरवी बरेचसे रिपब्लिकन. पण लेनरूट तर जिंकला. दुसरं उत्तर: डेव्हीजची. त्यालाही थोडा आधार आहे. मिलवॉकीतले कॅथलिक जर्मन जुने डेमोक्रॅट होते. माझं मत विचाराल तर तिसरंच आहे. बर्गर नसता तर त्याच्या मतदारांपैकी मोठा भाग दोघांनाही सोडून घरी बसला असता. ‘खाल्लेली’ मतं ताटात आधी असावी लागतात. ही तशी नव्हतीच. डेव्हीजला पाडलं ते बर्गरने नव्हे. विल्सनने निवडणुकीला देशनिष्ठेची परीक्षा बनवलं आणि परीक्षा म्हटल्यावर जे नापास ठरणार होते, ते चिडून मतदानाला आले.

पंधरा हजारांच्या या फरकाचं पुढे काय झालं, ते फारसं सांगितलं जात नाही. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये रिपब्लिकन ४९ आणि डेमोक्रॅट ४७ झाले. हस्टिंगची मुदत मार्च १९२१ पर्यंत होती, म्हणजे त्या ४९ मध्ये लेनरूट एक. त्याच्या जागी डेव्हीज असता तर ४८-४८. बरोबरी झाली की निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षाचं, आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणजे मॅडिसनला येऊन विस्कॉन्सिनला शिव्या घालणारा तोच मार्शल. सिनेटचा कारभार डेमोक्रॅटांच्या हातात राहिला असता. महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह ज्या परराष्ट्र समितीपुढे गेला तिचं अध्यक्षपद विल्सनचा कट्टर विरोधक हेन्री कॅबट लॉज याच्याकडे गेलं नसतं. तहाला दोन-तृतीयांश मतं लागत होती, तेव्हा तो मंजूर झालाच असता असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण समितीत कुणाला बसवायचं आणि सुनावण्या किती लांबवायच्या, हे लॉजने ठरवलं नसतं.

लेनरूटच्या नशिबाची एक टीप इथेच. १९२० मध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात पुढाऱ्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव ठरवून ठेवलं होतं. ओरेगॉनच्या एका प्रतिनिधीने मधेच उठून कॅल्विन कूलिजचं नाव पुकारलं आणि सभागृह त्याच्यामागे गेलं. तीन वर्षांनी अध्यक्ष हार्डिंग वारला आणि कूलिज राष्ट्राध्यक्ष झाला.

बर्गरची गोष्ट मात्र अजून बाकी आहे, आणि ‘मतं खाल्ली’ या वाक्याचा खरा निकाल तिच्यातच लागतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये तो मिलवॉकीतून हाउससाठी उभा राहिला. पुन्हा तिरंगी लढत. बर्गरला सुमारे १८ हजार, डेमोक्रॅटला साडेबारा हजारांच्या आतबाहेर, रिपब्लिकनला साडेदहा हजारांहून थोडी जास्त. बर्गर जिंकला, पण विरोधातल्या दोघांची बेरीज २३ हजारांवर जात होती. ‘मतविभाजनामुळे निवडून आला’ असं म्हणायला आकडे अगदी चोख. दरम्यान खटल्यात न्यायाधीश केनसॉ माउंटन लँडिसने त्याला २० वर्षांची शिक्षा ठोठावली. (पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये ती रद्द केली. जर्मन वंशाच्या लोकांबद्दल लँडिसने जे बोलून दाखवलं होतं, ते पाहता त्याने तो खटला चालवायलाच नको होता, हे कारण. लँडिस तोवर देशाच्या व्यावसायिक बेसबॉलचा सर्वेसर्वा झाला होता.) अपील चालू असतानाच, नोव्हेंबर १९१९ मध्ये, हाउसने बर्गरला जागा नाकारली. त्याच्या बाजूने सगळ्या सभागृहातून एकच मत पडलं, विस्कॉन्सिनच्याच एडवर्ड व्होइग्टचं. आधार घेतला तो यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या बंडखोरांना काँग्रेसबाहेर ठेवण्यासाठी घटनेत घातलेल्या कलमाचा.

जागा पुन्हा रिकामी, पुन्हा पोटनिवडणूक. या वेळी दोन्ही मोठे पक्ष शहाणे झाले. मतं फुटू द्यायची नाहीत असं ठरवून त्यांनी मिळून एकच उमेदवार दिला. कागदावर हिशोब पक्का: २३ हजार विरुद्ध १८ हजार. १९ डिसेंबर १९१९ ला मतदान झालं. संयुक्त उमेदवाराला साडेएकोणीस हजार मतं पडली आणि बर्गरला २४ हजारांच्या वर. हाउसने जानेवारी १९२० मध्ये त्याला पुन्हा दारातून परत पाठवलं, आणि १९२१ पर्यंत मिलवॉकीच्या त्या मतदारसंघाची खुर्ची रिकामीच राहिली.